दाराखालचा पत्रा

गोंधळेकर मंडळी गाशा गुंडाळून पुण्याला परत गेली, तर त्यात सुजीत चिटणीसचा काय फायदा होता, ते उर्मिला गोंधळेकरनं मेथी निवडता निवडता मोजून काढलं होतं. सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. सुजीतची बायको हेमा दर हळदीकुंकवाला टेबलाच्या कडेवरून असा हात फिरवायची, जसं काही माप घेतेय. फ्रीज, वॉशिंग मशीन, लेकीचं, मिहिकाचं कपाट. शिवाय 'ठेवून द्या हो वहिनी, कुणा गरजूला देऊन टाकतो' या सदरात मोडणारं किरकोळ सामान. ते गरजू आजवर कुणी पाहिले नव्हते. आणि गाडी. गाडीत त्याला नेमके किती सुटणार होते, ते मात्र उर्मिलाला तेव्हा माहीत नव्हतं. ते पुढे चारचौघांत उघड झालं. दोन हजार दिरहम, म्हणजे त्या वेळच्या भावानं सत्तावीस हजार रुपये, आणि तेही स्वतःच्या खिशातला एक दिरहम बाहेर न काढता.

सुजीतला वाईट माणूस कुणी म्हटलं नसतं. शारजातल्या अल मजाज वस्तीच्या मराठी मंडळाचा तो खजिनदार होता, गणपतीत पहिल्या दिवसापासून राबायचा, आणि कुणी शारजा सोडून निघालं की त्याच्याकडचं निरोपाचं जेवण ठरलेलं. २००९ च्या त्या महिन्यांत ही जेवणं फार झाली. दुबईतली कामं बंद पडत होती, कंपन्या माणसं काढत होत्या, पण नोकरी गेली असं अल मजाजमध्ये कुणी म्हणत नव्हतं. आईबाबांचं वय झालंय म्हणून जातोय, मुलांना आपली भाषा यावी म्हणून जातोय, जायचं तर होतंच कधी ना कधी. सुजीत सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. लपवून विकणारा माणूस घाईत असतो आणि दुसऱ्यांदा भाव विचारत नाही, एवढी गोष्ट त्याला इतरांच्या आधी कळली होती. श्रीखंड आणि सुपारी यांच्या मध्ये कुठेतरी टीव्हीची किंमत ठरून जायची. आठ महिन्यांत त्यानं अकरा कुटुंबं विमानतळावर पोचवली होती. प्रत्येकाच्या निरोपाला त्याचे डोळे ओले झाले होते, आणि ते खोटं नव्हतं.

उर्मिलाला मात्र जायचं नव्हतं. तिचा नवरा मुरलीधर बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर होता. जानेवारीत कंपनीनं त्याचा पगार अर्धा केला आणि कंपनीची गाडी काढून घेतली. तो मुकाट्यानं कंपनीच्या बसनं जाऊ लागला. घर चालत होतं ते उर्मिलाच्या बेचाळीसशेवर. ती दुबईतल्या रास अल खोरला खैरुन्निसाबाईंच्या कांदे-बटाट्याच्या घाऊक गाळ्यावर हिशेब बघायची. खैरुन्निसाबाई हैदराबादच्या, विधवा, आणि वक्तशीरपणात नमाजाला आणि ट्रकला सारखंच मानणाऱ्या. साडेपाचला ट्रक उघडायचा तेव्हा पोती मोजायला उर्मिला तिथे उभी पाहिजे, नाहीतर दुसरी माणसं पुष्कळ. शारजाहून त्या वेळेला तिथे पोचणारी बस नव्हती. टॅक्सी करायची तर पगार टॅक्सीवाल्यालाच देऊन टाकावा लागला असता. म्हणजे गाडी होती तोवर नोकरी, नोकरी होती तोवर मिहिकाची बारावी, आणि नाहीतर सुजीतकडचं श्रीखंड. इतकं ते सरळ होतं.

गाडी १९९२ सालची, पांढरी, जपानी. इंजिन घड्याळासारखं. बिघडला होता तो पत्रा, आणि पत्रा बिघडवला होता मुरलीधरच्या जपणुकीनं. मुरलीधर रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालणारा माणूस. सोफ्याचं मूळ कापड कुठल्या रंगाचं आहे हे त्याच्या मुलीला ठाऊक नव्हतं. कंपनीची गाडी मिळाल्यावर ही जुनी गाडी वापरायला उर्मिलाकडे आली, तेव्हा त्यानं सुट्टीत पुण्याला जाऊन रविवार पेठेतून तिच्यासाठी मापाचं रेक्झिनचं कव्हर शिवून आणलं होतं. रोज संध्याकाळी वॉचमन बादलीभर पाण्यानं गाडी धुवायचा, आणि धूळ बसू नये म्हणून गाडी ओली असतानाच मुरलीधर तिच्यावर कव्हर चढवून नाड्या बांधायचा. पुण्याच्या कोरड्या हवेत हे शहाणपणाचं ठरलं असतं. खालिद लगून या खाडीच्या खाऱ्या, चिकट हवेत पाच वर्षं ती गाडी रेक्झिनखाली रोज घामाघूम होत राहिली. बाजूच्या उघड्या, कधीही न धुतलेल्या गाड्या धुळीनं माखून ठणठणीत होत्या. गोंधळेकरांची आतून सडली.

एप्रिलमध्ये गाडी वर्षाच्या पासिंगला नेली, तेव्हा तपासनिसानं ड्रायव्हरच्या दाराखालच्या पट्ट्याला स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. त्यानं तो बाहेर काढला, टोकावरचा तांबडा भुगा बघितला, आणि उर्मिलाकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू घरातलं कुणी गेलंय. कागदावर लिहून दिलं: दाराखालचा पट्टा सडलेला, मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानी गंजलेल्या. दुरुस्त करून तीस दिवसांत आणा.

त्याच संध्याकाळी सुजीत घरी आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचते हे कुणी विचारत नसे. चहा घेता घेता त्यानं या गाडीत आता राम नाही हे अतिशय हळुवारपणे सांगितलं. भंगारवाला सातशेच्या वर जाणार नाही. पण आपल्या माणसासाठी तो स्वतः बाराशे द्यायला तयार होता, वर कागदपत्रांची कटकट त्याची. मुरलीधर बशीत चहा ओतून त्या बशीकडे बघत राहिला. हो म्हणायचं असलं आणि ते म्हणायचं धैर्य नसलं, की तो बशीकडे बघायचा.

उर्मिलानं सांगितलं, की गाडी विकायची नाही, दुरुस्त करायची आहे.

सुजीत हसला. सतरा वर्षांच्या गाडीवर पैसे घालणं म्हणजे काय ते त्यानं दोन-तीन प्रकारे समजावलं. ती ऐकून घेत होती. मग तो जाताना दारात मुरलीधरशी हळू आवाजात काही बोलला, ते मात्र तिला ऐकू आलं नाही.

इंडस्ट्रियल एरियातल्या लियाकतचं नाव तिला गाळ्यावरच्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं. लियाकत गुजरानवाल्याचा, पन्नाशीचा, भुवयांपर्यंत प्रायमरचे शिंतोडे. आधी त्यानं गाडीकडे बघितलंच नाही, कागद मागितला. ठोकलेली गाडी पोलिसांच्या कागदाशिवाय हातात घेतली तर गॅरेजवाल्याची कंबख्ती असते. ही ठोकलेली नाही, सडलेली आहे, हे नापासाचा कागद दाखवून पटवल्यावर तो खाली वाकला आणि बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत गाडीभोवती फिरला, डॉक्टर पाठीवर वाजवतो तसा.

"बाजी, पुट्टी भर दूँ तो चार सौ में खलास," तो म्हणाला. बाजी म्हणजे त्याच्या भाषेत ताई. "ऊपर से दुल्हन बन जाएगी। लेकिन वो टेस्टवाला फिर वहीं पेचकस मारेगा। पुट्टी बोलती है ठप, लोहा बोलता है टन। उसके कान हैं।"

पट्टा कापून काढायचा, नवा पत्रा जोडायचा, कमानी घासून प्रायमर आणि रंग. सगळे मिळून सोळाशे. उर्मिलाकडे अकराशे होते. तिनं सोळाशेची फोड मागितली, कारण फोड न बघता आकडा मान्य करणं तिच्या बोटांना जमत नसे. कापणं-जोडणं आणि वरचा रंग हजार, आणि सहाशे नुसतं घासकाम, असं निघालं. गंज पूर्ण जाऊन लोखंड चकाकेपर्यंत हातानं घासायचं, त्यात माणसाचे तीन दिवस जातात.

"घासते मी," ती म्हणाली.

लियाकतला आधी वाटलं, की बाईचं हिंदी कच्चं आहे. मग त्यानं तिला तारेचा ब्रश, तीन नंबरांचे घासायचे कागद, थिनरची बाटली आणि प्रायमरचा डबा दिला. एकच गोष्ट त्यानं बजावून सांगितली. इथल्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबडं पडतं. तेव्हा ज्या दिवशी घासलं, त्याच दिवशी सूर्य बुडायच्या आत त्यावर प्रायमर चढलं पाहिजे. नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. ती परत येईल असं काही त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

पहिल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिनं एक कमान केली, दुसऱ्या शुक्रवारी दुपारी दुसरीला हात घातला. जागा म्हणजे त्यांच्या टॉवरमागचं वाळूचं उघडं पार्किंग. तिथूनच सगळं अल मजाज चार वाजल्यानंतर लगूनवर फिरायला जायचं. प्लॅस्टिकच्या पाटावर बसून, जुनी ओढणी नाकावर बांधून, कोपरापर्यंत विटकरी झालेल्या हातांनी ती चाकावरची कमान घासत होती. ओळखीची माणसं दुरून बघत आणि नेमका तेव्हाच त्यांना फोन येई. शेजारची वैभवी एकटी थांबली. नवरा शैलेंद्र तिच्यामागे अर्ध पाऊल. ते दोघं पुढच्या महिन्यात जाणार होते, शैलेंद्रच्या आईच्या गुडघ्यांसाठी.

"वहिनी, वॉचमनला सांगायचं ना," वैभवी म्हणाली.

"वॉचमनला पैसे लागतात. ह्यांचा पगार अर्धा झालाय जानेवारीपासून."

हे वाक्य अल मजाजमध्ये मोठ्या आवाजात सहा महिन्यांत कुणी उच्चारलं नव्हतं. वैभवी इकडेतिकडे बघू लागली, जणू उर्मिलाच्या अंगावरचं काही घसरलंय. शैलेंद्र वाळूकडे बघत म्हणाला, की त्याचा फेब्रुवारीपासून शून्यच झालाय. आईच्या गुडघ्यांबद्दल नंतर कुणी बोललं नाही.

मिहिका पाण्याची बाटली घेऊन खाली आली होती ती गाडीच्या पलीकडे लपून उभी होती. "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग," ती पुटपुटली. "माझे फ्रेंड्स बघतायत."

"बघू देत. फुकट आहे."

मुरलीधर सातव्या मजल्यावर पडद्याआड होता.

साडेपाचच्या सुमाराला वाळूत बंद गाड्या उचलून नेणारा एक रिकव्हरीचा ट्रक शिरला. त्यातून सुजीत उतरला आणि त्याच्यामागून दौलत नावाचा एक मारवाडी, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा. आयुष्याची पंधरा वर्षं कुर्ल्यात काढल्यामुळे त्याला मराठी समजायचं, बोलायचा तो हिंदी. दौलतनं बॉनेटवर हात ठेवला, मालकासारखा.

"वहिनी, हे काय करताय?" सुजीत म्हणाला. "हाताची सालं जातील. मुरलीधररावांनी सांगितलं नाही का? व्यवहार झालाय."

"कसला व्यवहार?"

"गाडीचा. मंगळवारी टोकन दिलंय मी पाचशे."

उर्मिलानं वर बघितलं. सातव्या मजल्यावरचा पडदा हलला. तिनं मिहिकाला वर पाठवलं. लिफ्टला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मुरलीधर आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, जसा काही ऑफिसातून बोलावणं आलंय. पाचशे घेतलेत का, एवढंच तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. ते कुठे आहेत असं विचारल्यावर त्यानं थोरल्या भावाचं नाव घेतलं. दर महिन्याला पुण्याला दादाकडे पाचशे दिरहम जायचे, सहा वर्षांचा नेम. या महिन्यात जवळ नव्हते. हे गेले नसते तर दादानं विचारलं असतं, की काय रे, तिकडे सगळं ठीक ना.

त्यावर भांडायला त्या वाळूत पुष्कळ जागा होती, आणि फिरायला निघालेल्यांपैकी बारा-पंधरा जण एव्हाना बुटांच्या नाड्या बांधत रेंगाळले होते. पण सूर्य समोरच्या इमारतीच्या गच्चीला टेकत होता आणि कमान अजून अर्धी उघडी होती. नवरा घरी सापडणारच होता. तिनं हात ओढणीला पुसले आणि सुजीतकडे वळली.

"किती ठरली किंमत?"

"वर बसून बोलू ना वहिनी. चहा घेऊ."

"चहा झालाय माझा. इथंच सांगा."

सुजीतनं आजूबाजूला बघितलं. "तुम्हाला बोललो होतो तेच की. बाराशे."

दौलतनं बॉनेटवरचा हात उचलला. "बारह सौ?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात कट नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मेरे को तो बत्तीस सौ बोला। पाँच सौ टोकन भी दिया मैंने इनको, मंगलवार को।"

म्हणजे मंगळवारी सकाळी दौलतचे पाचशे सुजीतच्या खिशात गेले आणि दुपारी तेच मुरलीधरच्या. उर्मिलाला हा प्रवास उलगडायला एक क्षण लागला. शैलेंद्रला दुसरंच काही उलगडत होतं. तो पुढे आला आणि दौलतला अगदी नम्रपणे विचारू लागला, की मार्चमध्ये एक सिल्व्हर गाडी आली होती का, मागच्या काचेवर गणपतीचं स्टिकर असलेली.

"हाँ, वो अच्छी थी। साढ़े तेरह हज़ार दिया।"

ती गाडी शैलेंद्रची, आणि सुजीतकडून त्याच्या हातात नऊ हजार आले होते, आणि वर निरोपाच्या जेवणाचं आमंत्रण. वैभवीनं नवऱ्याकडे बघितलं नाही. बुटांच्या नाड्या बांधणारे सरळ उभे राहिले. त्यांच्यातल्या दोघातिघांचे ओठ हिशेब करत हलत होते. आपापला फ्रीज, आपापला सोफा.

सुजीतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो घाबरट नव्हता. माणूस धंद्यात पकडला गेला की नियमाचा आधार घेतो. त्यानं आवाज चढवला.

"मी धर्मादाय काढलेला नाही. तुमचं ओझं उचलतो, त्याचे घेतो. आणि व्यवहार म्हणजे व्यवहार. आपल्यात टोकन घेतलं आणि मोडलं, तर मोडणारा दुप्पट देतो. जो मोडेल तो. मंडळात कुणालाही विचारा. तेव्हा एक तर गाडी द्या, नाहीतर हजार काढा."

"हे सगळ्यांसमोर म्हणताय ना?" उर्मिलानं विचारलं. "जो मोडेल तो?"

"जो मोडेल तो. मी असतो तर मीही दिले असते."

"मिहिका, माझी पर्स."

पर्समधून तिनं मुल्किया काढली, गाडीच्या नोंदणीचं कार्ड, आणि बोटांचे डाग पडू नयेत म्हणून कडेला धरून सुजीतपुढे केली. मुरलीधरला कंपनीची गाडी मिळाली तेव्हा कंपनीचा दंडक होता, की अधिकाऱ्याच्या नावावर दुसरी गाडी नको. म्हणून जुनी बायकोच्या नावावर केली होती. घरात बाकी सगळे ते विसरून गेले होते. मुरलीधर तर नक्कीच.

"गाडी माझी आहे," ती म्हणाली. "मी टोकन घेतलेलं नाही. ह्यांनी घेतलं ते दुसऱ्याच्या मालाचं, म्हणजे मोडायला व्यवहारच नाही. हे तुमचे पाचशे." तिनं वेल्डिंगच्या अकराशेतल्या शंभराच्या पाच नोटा मोजून त्याच्या हातात दिल्या. "आता तुम्ही दौलतभाईंकडून टोकन घेतलंत. ते कुठल्या गाडीचं?"

दौलत दोघांकडे आळीपाळीनं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक अतिशय समाधानी समज पसरत होती.

"चिटणीस साब," तो म्हणाला, "गाड़ी तो आप दे नहीं रहे। सौदा आपने तोड़ा। तो मेरा डबल।"

कुणीतरी हसलं. बहुधा शैलेंद्र. सुजीतनं ते पाचशे आणि स्वतःच्या पाकिटातले आणखी पाचशे दौलतच्या हातावर ठेवले, एकेक नोट वेगळी करत. पंधरा लोकांसमोर सांगितलेला नियम पाच मिनिटांत फिरवता येत नाही, एवढी लाज त्याला होती. म्हणूनच तो इतकी वर्षं खजिनदार होता. पैसे देऊन तो चालत निघून गेला. दौलत त्याला ट्रकमध्ये बस म्हणाला होता.

"यल्ला, चला, प्रायमर," उर्मिला म्हणाली. "सूर्य बुडतोय."

ती पुन्हा पाटावर बसली. अर्धी कमान अजून तांबडी होती आणि उजेड अर्ध्या तासाचा. शैलेंद्रनं एक घासायचा कागद उचलला आणि चाकाच्या पलीकडून घासायला लागला. मिहिकानं आईच्या हातातून ब्रश घेतला. "दे इकडे. यू आर डुइंग इट राँग. एकाच डिरेक्शननं करायचं." मुरलीधर इस्त्रीच्या शर्टात उभा होता. त्याला कुणी काही सांगेना. शेवटी त्यानं बाह्या दुमडल्या, थिनरचा बोळा घेतला आणि घासून झालेला प्रत्येक भाग पुसत गेला. कुठल्याही वस्तूच्या फटीतली धूळ काढण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. प्रायमरचा शेवटचा हात बसला तेव्हा अजानची वेळ झाली होती.

दौलत ट्रकला टेकून हे सगळं बघत थांबला होता. उर्मिलाकडे आता सहाशे उरले होते आणि लियाकतला हजार द्यायचे होते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पण तो सुट्या भागांचा माणूस, कशात काय कमी आहे ते त्याला दिसायचं. त्यानं मागच्या दोन काचांच्या मोटरी आणि टेपरेकॉर्डर मिळून तीनशे म्हटलं. ती पाचशे म्हणाली. चारशेवर तुटलं. काचा वर करून ठेवल्या, त्या कायमच्याच. मोटरी गाडीतून निघेपर्यंत मुरलीधरला तिकडे बघवेना. त्यानं हळूच विचारलं, की निदान कव्हर तरी घ्याल का. दौलत म्हणाला, फुकटातही नको.

त्या दिवशी घरी काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. शनिवारी सकाळी मुरलीधर गॅलरीचं दार लावून दादाला फोन करत होता. नऊ मिनिटं. बाहेर आला तेव्हा तो घामेजला होता, पण उभा राहण्याची त्याची तऱ्हा जरा सैल झाली होती. या महिन्यानंतर पैसे येणार नाहीत आणि का येणार नाहीत, दोन्ही सांगून झालं होतं. दादा पुढे दिवाळीपर्यंत बोलला नाही.

लियाकतनं उर्मिलाच्या कमानींवरून अंगठा फिरवला, नखानं खरवडून बघितलं, आणि त्यातल्या एका जागी पुन्हा घास म्हणून सांगितलं. त्याच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालं नव्हतं. मग त्यानं दाराखालचा पट्टा कापून काढला. आत, दोन पत्र्यांच्या मध्ये, पाच वर्षांचं पाणी गाळ होऊन बसलं होतं. नवा पत्रा ठिणग्या उडवत जागेवर बसला. रंग जुन्या पांढऱ्याशी जुळला नाही. नवा भाग जास्त पांढरा, दात बसवल्यासारखा. आणखी दोनशेत सगळी बाजू रंगवून देतो, असं लियाकत म्हणाला. उर्मिला म्हणाली, दिसू दे.

सव्वीसाव्या दिवशी तपासनिसानं पुन्हा स्क्रूड्रायव्हर काढला. दाराखाली मारला. टन. कमानीवर मारला. टन. दुसऱ्या कमानीवर त्यानं उगीचच दोनदा मारला. मग कागदावर शिक्का उमटला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, सगळं शारजा रस्त्यावर यायच्या आत, गाडी मागच्या काचा बंद ठेवून रास अल खोरला निघाली. खैरुन्निसाबाईंनी तो पांढरा पट्टा पाहिला आणि तिला पोती मोजायला लावलं.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षीही माणसं जातच राहिली. पण टॉवरच्या लिफ्टशेजारी आता कागद लागायला लागले होते. पहिला शैलेंद्रचा होता. जेवणाचं टेबल, वॉशिंग मशीन, सायकल, समोर किमती, आणि खाली एक ओळ, 'नोकरी गेल्यामुळे विकणे आहे, भाव कमी होणार नाही.' सुजीत खजिनदारच राहिला, कारण ते काम दुसरं कुणी घेईना. निरोपाची जेवणंही तो घालत राहिला. फक्त आता त्यात श्रीखंडानंतर थेट सुपारी यायची.

उर्मिलाची गाडी आणखी पाच पासिंग टिकली. मिहिका कॉलेजला गेली त्यानंतर ती गाडी गेली, दौलतकडेच, त्यानं स्वतः येऊन दिलेल्या भावात. पण हिशेब एप्रिल २००९ चाच मांडायचा, तर तो असा निघतो. मिहिकानं भरला टेपरेकॉर्डर आणि मागच्या सीटवरचा वारा. मुरलीधरनं नऊ मिनिटं भरली, आणि दादाचा अबोला. दादाला गेलेले शेवटचे पाचशे उर्मिलाचे. घासकामाचे सहाशे भरले तिच्या दोन अंगठ्यांनी, त्यांची नखं जूनपर्यंत धड आली नव्हती. वेल्डिंगच्या हजारातले सहाशे तिचे, रोख. राहिलेले चारशे दौलतनं दिले, पण ते त्याला मिळालेल्या दंडातले. मोटरी आणि टेप घेऊन वर शंभर त्याला उरले, ते त्यानं ट्रकच्या पेट्रोलला धरले. म्हणजे दाराखालच्या पत्र्याचे ते चारशे भरले सुजीत चिटणीसनं.